विश्लेषण : कंत्राटात खडीचे मापही लिहिणारे थॉमस टेलफर्ड कोण होते?

पावसाळ्यात रस्ता उखडला की दरवर्षी तोच खेळ सुरू होतो. नगरपालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार कंत्राटाची प्रत पुढे करतो आणि त्या प्रतीत नेमके काय लिहिले होते, यावर सगळे येऊन अडते. दर्जेदार खडी म्हणजे किती आकाराची? मजबूत पाया म्हणजे किती जाडीचा? कागदावर हे लिहिलेले नसेल तर भांडणाचा निकाल लागत नाही. या प्रश्नांशी दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंड आणि वेल्सच्या डोंगराळ भागात एका माणसाने चिकाटीने झुंज दिली. थॉमस टेलफर्ड हे त्याचे नाव. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे नाव महामार्ग अभियांत्रिकीच्या पहिल्या धड्यात भेटते. टेलफर्ड आणि मॅकॅडम यांच्या रस्त्यांतील फरक आकृतीसह स्पष्ट करा, एवढ्यावर तो विषय संपतो. मात्र त्यांचे खरे काम त्या आकृतीखालच्या मजकुरात होते.

मेंढपाळाचा मुलगा अभियंता कसा झाला?

टेलफर्ड यांचा जन्म ९ ऑगस्ट १७५७ रोजी दक्षिण स्कॉटलंडमधील एस्कडेल खोऱ्यात झाला. वडील मेंढपाळ होते. मुलगा काही महिन्यांचा असतानाच ते वारले. आई जॅनेट यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधाराने मुलाला वाढवले, गावच्या शाळेत घातले आणि पुढे दगडकामाच्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. पहिल्या मालकाकडून तो पळून आला. मग जवळच्या लँगहोम गावात अँड्र्यू थॉमसन या गवंड्याच्या हाताखाली तो काम शिकला. गावातल्या एका वृद्ध बाईंनी या मुलाला आपल्या कपाटातली पुस्तके वाचायला दिली. दिवसा छिन्नी-हातोडा आणि रात्री पुस्तक, असा क्रम लागला आणि तो आयुष्यभर सुटला नाही.

१७८० मध्ये ते एडिंबरोला गेले, १७८२ मध्ये लंडनला. तेथे सॉमरसेट हाउसच्या बांधकामावर त्यांनी दगड घडवले. नंतर पोर्ट्समथच्या गोदीत बांधकामाची देखरेख मिळाली. तिथे रात्री बसून त्यांनी चुन्याचे रसायन समजून घेतले, कारण भिंत टिकणे किंवा ढासळणे हे बरेचसे चुन्यावर ठरते. या माणसाने अभियांत्रिकीची पदवी कधीच घेतली नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये तशी पदवीच नव्हती.

चर्चचा मनोरा कोसळला, तेव्हा काय झाले?

विल्यम पुल्टनी या श्रीमंत आणि वजनदार स्कॉटिश खासदारामुळे टेलफर्ड इंग्लंडमधील श्रूजबरीत आले आणि श्रॉपशर परगण्याच्या सार्वजनिक कामांचे सर्वेक्षक झाले. तिथे १७८८ मध्ये घडलेली गोष्ट आजही सांगितली जाते. गावातल्या सेंट चॅड चर्चचे छप्पर गळत होते. विश्वस्तांनी टेलफर्ड यांना बोलावले. त्यांनी छप्पर बाजूला ठेवून आधी भिंती पाहिल्या. खांबालगत थडगी खोदल्यामुळे पाया सुटला होता, भिंतींना तडे गेले होते. आधी पाया सावरा, छपराचे नंतर पाहू, असा त्यांचा अहवाल होता. विश्वस्तांना वाटले, हा परका तरुण स्वतःसाठी काम वाढवून घेतोय. अहवाल बाजूला पडला. थोड्याच दिवसांत, ९ जुलैच्या पहाटे, चर्चचा मनोरा छप्पर फोडून खाली आला.

या प्रसंगानंतर गावात टेलफर्ड यांचा शब्द वजनदार झाला, हे खरे. पण काम काय आहे हे आधी ठरवा, मग खर्चाचे बोला, हा त्यांचा पुढचा सगळा हिशेब याच प्रसंगात दिसतो. विश्वस्तांनी मागितले होते छपराचे काम. गरज होती पायाची.

हायलँड्समध्ये अडचण कसली होती?

उत्तर स्कॉटलंडचा हायलँड्स हा डोंगराळ, दलदलीचा आणि विरळ वस्तीचा प्रदेश. जमीनदारांनी कुळांना हटवून मेंढ्या चारायला सुरुवात केल्याने लोक जहाजे भरून अमेरिकेकडे निघाले होते. हे स्थलांतर कसे थांबवायचे, हा प्रश्न लंडनला सतावत होता. सरकारने टेलफर्ड यांना पाहणीला पाठवले. रस्ते, पूल आणि एक मोठा कालवा काढा, लोकांना काम मिळेल आणि माल हलेल, असा त्यांचा अहवाल होता. १८०३ मध्ये त्यासाठी संसदेने आयोग नेमला आणि खर्चाची विभागणी ठरली. निम्मे सरकारने द्यायचे, निम्मे जमीनदारांनी.

इथेच खरी मेख होती. पैसे दोघांचे, काम तिसऱ्याचे आणि जागा लंडनपासून शेकडो मैल दूर. जमीनदाराला रस्ता आपल्या वाड्यापर्यंत हवा, सरकारला बंदरापर्यंत. ठेकेदार बहुतेक गावातलेच गवंडी. त्यांनी एवढे मोठे काम कधी केलेले नव्हते. अशा वेळी तोंडी समजूत किंवा मोघम करार म्हणजे भांडणाला आमंत्रण.

टेलफर्ड यांनी घडी बसवली ती साधारण अशी. आधी मोजणी आणि नकाशा. मग कामाचे लेखी तपशीलपत्र, म्हणजे ज्याला आज आपण स्पेसिफिकेशन म्हणतो ते. त्यावरून अंदाजपत्रक. जमीनदाराने आपला हिस्सा आधी बँकेत भरायचा, त्याशिवाय काम निघणार नाही. मग जाहीर निविदा, जामीनदारासह करार, करारात मुदत आणि काम संपल्यावर ठरावीक काळ देखभालीची जबाबदारी ठेकेदारावरच. आपल्याकडे रस्त्याच्या कडेच्या फलकावर दोषदायित्व कालावधी असा शब्द लिहिलेला असतो. कल्पना तीच.

कायदेशीर मसुद्यासाठी आयोगाने एडिंबरोचे वकील जेम्स होप यांना घेतले होते. काय बांधायचे ते अभियंत्याने लिहायचे, बांधले नाही तर काय, ते वकिलाने. ही वाटणी आज साधी वाटते, पण अनेक वाईट करारांत नेमकी उलट वाटणी दिसते. वकील कामाचे वर्णन करतो आणि अभियंता नुसती सही करतो.

तपशीलपत्रात लिहिलेले असे तरी काय?

हायलँड्सच्या रस्त्यांवर मुरमासारखी बारीक खडी पसरायची होती. तिच्यात मोठे दगड नकोत, हे कोणीही लिहील. टेलफर्ड यांच्या तपशीलपत्रात मोठा म्हणजे किती, हेही होते. कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठा दगड आधीच वेचून काढायचा. डोंगरातल्या मजुराकडे फूटपट्टी नसेल, पण अंडे त्याने पाहिलेले असते. हे माप जमीनदाराला, ठेकेदाराला आणि मजुराला सारखेच कळणारे होते. मला हे वाक्य कंत्राटांच्या इतिहासातल्या उत्तम वाक्यांपैकी एक वाटते.

पुढे १८१५ नंतर लंडन ते होलीहेड या रस्त्याचे काम आले. आयर्लंडचे खासदार आणि टपाल याच वाटेने लंडनला जायचे आणि वेल्सच्या डोंगरात घोडागाड्या उलटायच्या. इथे पैसा जास्त होता, वाहतूक जड होती, म्हणून अंड्याची जागा लोखंडी कडीने घेतली. वरच्या थरातला प्रत्येक दगड शक्य तितका चौकोनी फोडायचा आणि सर्वात मोठा दगडही, त्याच्या सर्वात लांब बाजूने, अडीच इंच आतील व्यासाच्या कडीतून गेला पाहिजे. दगड जात नसेल तर तो नाकारायचा. वाद घालायला जागाच नाही.

पायासाठी हाताने एकेक दगड रचायचा, म्हणजे आपले सोलिंग. रस्त्याच्या मध्यभागी दगडांची खोली सात इंच, मध्यापासून नऊ फुटांवर पाच, बारा फुटांवर चार आणि पंधरा फुटांवर तीन इंच. दगडाची रुंद बाजू खाली, लांबी रस्त्याला आडवी. वर येणारे तोंड चार इंचांपेक्षा रुंद नको. फटींत कपच्या ठोकून भरायच्या. मग मधल्या १८ फुटांत सहा इंच खडी, तीही एकदम ओतायची नाही. आधी चार इंच टाकायची, तिच्यावरून गाड्या-घोडे जाऊन ती दबली की उरलेली दोन इंच. त्यावर दीड इंच स्वच्छ बारीक खडीचा थर, ज्यात माती किंवा चिखल नसेल.

या मजकुरात चांगला, योग्य, पुरेसा असली विशेषणे फार थोडी आणि आकडे भरपूर आहेत. दुसरे म्हणजे क्रम. नुसते सहा इंच लिहिले असते तर ठेकेदाराने एका दिवसात सहा इंच टाकून बिल मागितले असते. तिसरे, मध्यभागी सात आणि कडेला तीन इंच, यातून रस्त्याला कमानीसारखा उंचवटा आपोआप येतो आणि पाणी बाजूला पळते. म्हणजे पाण्याचा निचरा दगडांच्या मापातच बसवलेला आहे.

लिहिलेले तपासायचे कोणी?

कागद कितीही नेटका असला तरी जागेवर डोळे हवेत. यासाठी टेलफर्ड यांनी माणसांची साखळी उभी केली. मोठ्या कामावर निवासी अभियंता आणि विखुरलेल्या रस्त्यांवर फिरते निरीक्षक. हायलँड्सचे मुख्य निरीक्षक जॉन मिचेल हे मूळचे गवंडी. टेलफर्ड यांनी त्यांना हेरले तेव्हा त्यांना लिहिता-वाचताही जेमतेम येत होते. हा माणूस घोड्यावर वर्षाला हजारो मैल फिरे, पूल बघे, ठेकेदाराला दगड काढून पुन्हा बसवायला लावे आणि लाच-लालूच याला भीक घालत नसे, अशी त्यांची ख्याती होती. उन्हापावसातल्या या दगदगीने तब्येत खचून १८२४ मध्ये ते गेले. जागा त्यांचा मुलगा जोसेफ याने घेतली.

वीसेक वर्षांत या व्यवस्थेतून ९०० मैलांहून अधिक रस्ते आणि हजाराच्या आसपास लहानमोठे पूल उभे राहिले. १८२९ च्या ऑगस्टमध्ये त्या भागात महापूर आला आणि कित्येक पूल वाहून गेले. स्पे नदीवरचा क्रेगेलाकी येथील १५० फुटी लोखंडी कमानीचा टेलफर्ड यांचा पूल मात्र उभा राहिला. तो आजही उभा आहे.

पैसे कसे दिले जात?

करार दोन तऱ्हांचे असतात. एक, ठोक रकमेचा, म्हणजे अमुक रस्ता अमुक पौंडांत. दुसरा, दराचा. एक घनयार्ड माती खोदायला इतके, एक घनयार्ड खडक फोडायला इतके, आणि शेवटी मोजून हिशेब. सार्वजनिक बांधकाम खात्यात याला आयटम रेट म्हणतात. मोजमाप एमबीत चढते आणि त्यावर रनिंग बिल निघते.

हायलँड्सचे रस्ते ठोक रकमेवर दिले जात. रस्ता डोळ्यांना दिसतो, मोजता येतो, म्हणून ते चालून जाते असे वाटले होते. कॅलेडोनियन कालव्यात ते शक्य नव्हते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेपर्यंत साठ मैलांची ही जलवाट, त्यातले सुमारे २२ मैल खोदून काढायचे. जमिनीखाली माती आहे, वाळू आहे की खडक, हे खोदल्याशिवाय कळणार नाही. ठोक रकमेत ठेकेदार एकतर भीतीने दुप्पट भाव लावेल किंवा आशेने कमी लावून बुडेल. म्हणून इथे दर ठरले, निवासी अभियंत्याने मोजणी करायची आणि मोजलेल्या कामाचे पैसे नियमित द्यायचे. जमिनीच्या पोटात काय निघेल याचा धोका मालकाने घ्यायचा, कामाच्या दर्जाचा ठेकेदाराने. धोका ज्याला पेलवतो त्याच्या अंगावर टाका, हे तत्त्व आजच्या प्रत्येक मोठ्या करारामागे आहे.

मग ही पद्धत चुकलीच नाही का?

चुकली, आणि मोठ्या रकमेने चुकली. कॅलेडोनियन कालव्याचा पहिला अंदाज साडेतीन लाख पौंड आणि मुदत सात वर्षे होती. प्रत्यक्षात काम १८०४ मध्ये सुरू झाले आणि कालवा १८२२ मध्ये उघडला. खर्च नऊ लाख पौंडांच्या घरात गेला आणि खोलीही ठरल्यापेक्षा कमी ठेवावी लागली. नेपोलियनच्या युद्धामुळे लाकूड आणि मजुरी महागली. बटाट्याची लावणी किंवा हेरिंग माशाचा हंगाम आला की मजूर घरी निघून जात. आणि ज्या मोठ्या जहाजांसाठी कालवा काढला, ती तोवर कालव्याला जड झाली होती, कारण वाफेची जहाजे आली. दराचा करार प्रामाणिक असतो, पण एकूण खर्चावर तो झाकण ठेवत नाही.

ठोक रकमेच्या रस्त्यांवर उलटा त्रास झाला. भाव कमी लावून काम घेतलेले ठेकेदार खडक लागला की अडकायचे. काही कर्जबाजारी झाले, काहींचे काम अर्धवट राहिले आणि जामीनदारही अडचणीत आले. आपल्याकडे निविदा अमुक टक्के बिलो गेली की कार्यालयात समाधान दिसते. त्या समाधानाची किंमत हायलँड्सच्या गवंड्यांनी स्वतःच्या खिशातून मोजली होती. अंडे आणि इंच कितीही नीट लिहिले, तरी खडकाचा भाव कोणी द्यायचा हे न लिहिल्याने माणसे बुडाली. टेलफर्ड यांच्या कामातली मला सर्वात अस्वस्थ करणारी बाजू ही आहे.

पुढे इकडेही असेच चित्र दिसले. मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटातील रेल्वेचे काम विल्यम फॅव्हिएल या ठेकेदाराने १८५९ मध्ये सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट चालवून १८६३ पर्यंत घाट पुरा केला.

लोखंडाच्या कामात कसोटी कशी लावली?

वेल्समधील पाँटकिसिल्टे जलसेतू १८०५ मध्ये खुला झाला. नदीपासून १२६ फूट उंचीवर, हजार फुटांहून लांब, ओतीव लोखंडाची पन्हळ आणि तिच्यात कालव्याचे पाणी. पन्हळ जोडून झाल्यावर ती पाण्याने भरून सहा महिने तशीच ठेवली, गळते का पाहायला. ही हस्तांतरापूर्वीची चाचणी! आजही होड्या त्या पन्हळीतून जातात आणि २००९ पासून ती जागतिक वारसा स्थळ आहे.

मेनाय सामुद्रधुनीवरच्या पुलाची पहिली अट टेलफर्ड यांची नव्हतीच. नौदलाने सांगितले, उंच शिडांची जहाजे खालून गेली पाहिजेत, म्हणून भरतीच्या पाण्यापासून १०० फूट मोकळी जागा हवी. शिवाय सामुद्रधुनीतली वाहतूक बांधकामाने अडता कामा नये. या दोन अटींतून कमानी बाद झाल्या आणि साखळदंडांचा झुलता पूल ठरला. ५७९ फुटांचा मुख्य गाळा, तेव्हा जगात असा दुसरा नव्हता. विल्यम हेझल्डीन यांच्या कारखान्यातून निघणारी प्रत्येक लोखंडी पट्टी ताणून तपासल्याशिवाय पुढे जात नसे. ३० जानेवारी १८२६ रोजी टपालगाडी पुलावरून गेली. काही दिवसांतच वादळात पूल हेलकावू लागला आणि लोंबते गज तुटले. वाऱ्याचा भार करारात नव्हता, कारण तो कसा मोजायचा हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

माणूस म्हणून टेलफर्ड कसे होते?

गप्पिष्ट, कवितेचे वेडे आणि अविवाहित. घर असे बराच काळ नव्हतेच. लंडनमध्ये एका हॉटेलात खोली असायची आणि बाकी वर्ष रस्त्यावर. कवी रॉबर्ट साउदी १८१९ मध्ये त्यांच्यासोबत हायलँड्स फिरले आणि कायमचे मित्र झाले. स्वतःच्या फीबाबत टेलफर्ड इतके उदार होते की सहकाऱ्यांना त्याचीच चिंता वाटे. १८२० मध्ये ते लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनीअर्सचे पहिले अध्यक्ष झाले आणि मरेपर्यंत राहिले.

पण श्रेय वाटताना हात आखडता होता. पाँटकिसिल्टेचे वरिष्ठ अभियंता विल्यम जेसप होते. टेलफर्ड यांच्या आत्मचरित्रात जेसप जवळपास दिसतच नाहीत. दुसरा प्रसंग १८२९ चा. ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टन पुलाच्या स्पर्धेत ते परीक्षक होते. त्यांनी तरुण ब्रुनेल यांच्यासह सगळ्यांचे आराखडे नाकारले आणि मग स्वतःचाच आराखडा पुढे ठेवला. लोकांना तो रुचला नाही, स्पर्धा पुन्हा झाली आणि काम ब्रुनेल यांना मिळाले. परीक्षकाने स्पर्धक व्हायचे नाही, हे कुठल्याही निविदेच्या अटींत पहिल्या पानावर असते. इतरांच्या करारांत एकेक इंच लिहिणाऱ्या माणसाला हे दिसू नये, याचे नवल वाटते.

२ सप्टेंबर १८३४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन. रस्त्यांच्या बाबतीत जगाने शेवटी मॅकॅडम यांची वाट धरली, कारण हाताने रचलेला दगडी पाया महाग पडे आणि मॅकॅडम यांना तो नकोच होता. १९६८ मध्ये श्रॉपशरमधील नव्या शहराला टेलफर्ड हे नाव मिळाले. मृत्युपत्रात त्यांनी जन्मगावाजवळच्या लँगहोम आणि वेस्टरकर्क येथील दोन ग्रंथालयांना पैसे ठेवले होते. वेस्टरकर्कचे ग्रंथालय त्या डोंगरातल्या खाणमजुरांनी सुरू केलेले.